डाइव्ह तुमच्या, सुट्टी दोघांची

पत्र : मी त्रेचाळीस वर्षांची असून गेली सहा वर्षे स्कूबा डायव्हिंग, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून पाण्याखाली पोहणे, करते. माझ्या पतींना पोहणे जेमतेम येते आणि डायव्हिंग त्यांना मुळीच नको आहे. गेल्या वर्षी आम्ही आठ दिवस एका छोट्या प्रवाळ बेटावर राहिलो. त्यांपैकी सहा दिवस मी डाइव्ह केल्या. आग्रह करकरून मी त्यांनाही एकदा प्रशिक्षकाबरोबर पाण्यात उतरवले, पण तीन मीटरवर त्यांचा कान दुखू लागला, ते वर आले आणि पुन्हा उतरले नाहीत. एरवी त्यांनी तक्रारीचा एक शब्दही काढला नाही. यंदा दहा दिवसांची सुट्टी मिळते आहे म्हणून मी ठिकाणे शोधू लागले, तर ते शांतपणे म्हणाले, "तू जाऊन ये, मी घरी थांबतो. तसाही तुझी बोट परत येईपर्यंत माझा जीव भांड्यात पडत नाही." मला एकटीने जायचे नाही आणि दहा दिवस नुसते वाळूत बसणेही मला जमणार नाही. दोघांनाही सुट्टी वाटेल अशी सहल आखता येते का?

उत्तर : तुमचे पत्र वाचल्यावर मी आधी कागद-पेन्सिल घेऊन गेल्या वर्षीच्या आठ दिवसांचा हिशेब मांडला. पहिला दिवस पोहोचण्याचा आणि शेवटचा निघण्याचा. मधले सहाही दिवस तुम्ही डाइव्ह केल्या. बोटीवरून सकाळच्या दोन डाइव्ह करायच्या तर सहाला उठावे लागते, साडेसातला धक्क्यावर हजर व्हावे लागते, मग सामानाची जुळवाजुळव, बोटीचा प्रवास, पाऊण-एक तासाची पहिली डाइव्ह, तासाभराची विश्रांती, दुसरी डाइव्ह, परतीचा प्रवास आणि सामान गोड्या पाण्यात धुणे, असे करता करता दुपारचा एक वाजतो. पाण्याखाली तुम्ही असता जेमतेम पावणेदोन तास, पण त्यासाठी दिवसाचे सात तास खर्ची पडतात. सिलिंडरमधली हवा अगदी कोरडी असते, पाणी कोमट वाटले तरी शरीराची उष्णता हवेच्या कितीतरी पट वेगाने ओढून घेते, त्यात पहाटेचे उठणे. त्यामुळे जेवण झाले की डायव्हरचे डोळे आपोआप मिटू लागतात. तुम्ही चार वाजता उठला असाल आणि साडेआठला जेवताना पुन्हा जांभया देत असाल, असा माझा अंदाज आहे. याचा अर्थ असा की त्या आठ दिवसांत तुमच्या पतींच्या वाट्याला तुमच्याबरोबरचा एकही सबंध दिवस आला नाही. आले ते सामान उघडण्याचा दिवस आणि सामान भरण्याचा दिवस. सकाळी एकटे राहणे बहुतेक माणसांना खपते, किंबहुना काहींना आवडतेही. खुपते ते दुपारी समोर आलेले माणूस पेंगुळलेले असणे. त्यांनी तक्रार केली नाही, हे खरे. पण यंदा त्यांनी घरी थांबण्याचे ठरवले, आणि ती तक्रारच आहे.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की ही सहल त्यांच्या दिवसापासून आखायला घ्या. सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत त्यांना काय करायला आवडेल, हे आधी ठरू द्या आणि तुमच्या डाइव्ह त्यात बसवा. डाइव्ह हा तसा आटोपशीर प्रकार आहे. जागा आणि वेळ ठरली की दिवसाच्या एका कोपऱ्यात तो नीट बसतो. उलट्या बाजूने आखायला गेले, म्हणजे आधी डाइव्ह आणि उरलेल्या वेळात पती, की काय होते ते तुम्ही गेल्या वर्षी पाहिलेच आहे.

ठिकाणाकडे वळण्यापूर्वी त्या दुखलेल्या कानाविषयी बोलायला हवे. पाण्यात दहा मीटर खाली गेले की भोवतालचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, आणि प्रमाणाने पाहिले तर त्या दाबातला सर्वांत मोठा बदल पहिल्या काही मीटरांतच होतो. त्यामुळे कानातला दाब सारखा करण्याची सवय नसलेल्या माणसाला तीस मीटरपेक्षा तिसऱ्या मीटरलाच जास्त त्रास होतो. नाक दाबून हळूच हवा फुंकण्याची ती कृती दुखायला लागण्यापूर्वी, दर हातभर अंतराला करायची असते. दुखू लागल्यावर ती बहुधा साधत नाही. दुखले म्हणून ते वर आले, हे त्यांनी अगदी बरोबर केले. तसेच दामटून खाली गेले असते तर कानाच्या पडद्याला इजा होऊ शकली असती. हे त्यांना तुम्ही कधी सांगितले आहे का? बहुतेक वेळा अशा माणसाला बोटीवरचे सगळे "पुढच्या वेळी जमेल हो" असे म्हणतात, आणि त्या सांत्वनातून त्याला एवढेच ऐकू येते की आज आपण नापास झालो.

पुढच्या वेळीचा विषय तुम्ही आपण होऊन काढू नका. कधी त्यांनीच काढला, तर ती गोष्ट सुट्टीत उरकायची नाही, हे लक्षात ठेवा. बेटावर जी एका सकाळची, डायव्हिंगची ओळख करून देणारी डाइव्ह देतात, ती प्रशिक्षकाच्या हाताखाली आणि जास्तीत जास्त बारा मीटरपर्यंत असते, पण तिच्यात शिकायला वेळ फार थोडा मिळतो. ज्याला खरोखर शिकायचे आहे त्याने सहलीच्या काही महिने आधी पोहण्याच्या तलावात सुरुवात करावी. प्राथमिक अभ्यासक्रमासाठी न थांबता दोनशे मीटर पोहणे आणि दहा मिनिटे पाण्यावर तरंगणे जमावे लागते. त्याला वेळेचे बंधन नसते, पण ते जमावे मात्र लागते. सर्दी-सायनसचा जुना त्रास, दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया यांपैकी काही असल्यास आरोग्याच्या प्रश्नावलीत खरे उत्तर लिहून आधी डॉक्टरांची परवानगी घ्यावी लागते. आणि शिकवणारी व्यक्ती तुम्ही नसावी. नवऱ्याला गाडी शिकवणाऱ्या बायकोची आणि बायकोला गाडी शिकवणाऱ्या नवऱ्याची जी गत होते, ती पाण्याखाली बोलता येत नसल्यामुळे अधिकच बिकट होते.

आता ठिकाण. तुम्ही ठिकाणे शोधू लागलात असे लिहिले आहे, आणि बहुतेक डायव्हर जसे शोधतात तसेच तुम्हीही शोधले असणार: कोणत्या ठिकाणी कोणते मासे, किती दृश्यमानता, कोणत्या महिन्यात शार्क. त्या यादीतून दोन प्रकार आधीच वगळा. पहिला म्हणजे जिच्यावर राहून दिवसाला तीन-चार डाइव्ह करतात ती बोट. डायव्हर नसलेल्या माणसासाठी ती म्हणजे हलणारी, चहूकडून पाण्याने वेढलेली खोली आहे आणि तीत इतर प्रवाशांचे बोलणेही डाइव्हपलीकडे जात नाही. दुसरा प्रकार म्हणजे गेल्या वर्षीसारखे पंधरा मिनिटांत प्रदक्षिणा पूर्ण होणारे बेट. तिथे पहिले दोन दिवस स्वर्ग वाटतो, तिसऱ्या दिवशी वाचायला आणलेले पुस्तक संपते आणि चौथ्या दिवशी माणूस जेवणाच्या वेळेची वाट पाहू लागतो. ठिकाण पारखताना माझी एकच कसोटी असते: किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला तुमच्या मदतीशिवाय, गाडीची किंवा बोटीची वाट न पाहता, स्वतःच्या पायांनी मुक्कामाबाहेर पडून अर्धा दिवस मजेत घालवता यावा. त्यासाठी वस्तीचे गाव लागते, चालायला रस्ता लागतो, बसून जगाकडे पाहण्याजोगी एखादी जागा लागते.

या कसोटीला उतरणारी ठिकाणे आहेत, आणि त्यांत किनाऱ्यावरूनच चालत पाण्यात शिरून डाइव्ह करता येणारी ठिकाणे मला तुमच्यासाठी सर्वांत योग्य वाटतात. कॅरिबियन समुद्रातले बोनेर हे त्यांचे ठळक उदाहरण आहे. या बेटाभोवतीचा समुद्र १९७९ पासून संरक्षित आहे आणि किनाऱ्यालगतच्या पन्नासहून अधिक जागांपाशी रस्त्याच्या कडेला पिवळ्या रंगाने नाव लिहिलेले दगड ठेवलेले आहेत. गाडीत सिलिंडर टाकायचे, दगड पाहून थांबायचे आणि चालत पाण्यात शिरायचे. यात बोटीचे वेळापत्रक नसते, त्यामुळे सात तासांची सकाळ दोन-अडीच तासांवर येते आणि तुम्ही दहाच्या सुमारास न्याहारीला हजर होऊ शकता. मात्र किनाऱ्यावरून डाइव्ह करायची म्हणून एकटीने पाण्यात शिरू नका. तुमच्याबरोबर उतरायला गाइड किंवा जोडीदार डायव्हर हवाच, आणि तो आधी ठरवून ठेवणे हे तुमचे काम आहे. इजिप्तमधले, तांबड्या समुद्रावरचे दहाबही असेच आहे. तिथे गावातल्या समुद्राकाठच्या फरसबंद रस्त्यावर उपाहारगृहे आहेत आणि त्यांच्या समोरच, काही पावलांवर, प्रवाळ सुरू होते; तुम्ही बुडबुडे सोडत असता तेव्हा ते वीस मीटरवर चहा पीत बसलेले असू शकतात. शिवाय गावाच्या पाठीशी सिनाईचे वाळवंट आहे, वाऱ्यावर चालणाऱ्या शिडाच्या फळ्यांचे खेळ आहेत, म्हणजे ज्याला पाण्याखाली जायचे नाही त्याच्याही दिवसाला आकार येतो.

तिसरे उदाहरण बालीच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या तुलांबेनचे, आणि ते मी मुद्दाम जरा सविस्तर सांगते. 'लिबर्टी' नावाच्या अमेरिकन मालवाहू जहाजावर जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीने टॉर्पेडो डागला. बुडू लागलेले ते जहाज या किनाऱ्यावर आणून टेकवण्यात आले आणि पुढे वीसेक वर्षे ते तिथेच पडून राहिले. १९६३ मध्ये अगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्या हादऱ्यांनी ते घसरून पाण्यात गेले. आज ते किनाऱ्यापासून अगदी थोड्या अंतरावर उतारावर कलंडलेले आहे: त्याचा वरचा भाग पाच मीटरच्या आसपास आणि तळ तीस मीटरच्या जवळ. म्हणजे तुम्ही तळाशी जहाजाच्या फासळ्यांतून फिरत असताना, वर मास्क लावून तरंगणाऱ्या माणसाला त्याच जहाजाचा माथा, त्यावरचे प्रवाळ आणि खालून वर येणारे तुमचे बुडबुडे दिसतात. रात्री जेवताना दोघांकडे एकाच गोष्टीविषयी बोलायला काही असते, आणि डायव्हर आणि डायव्हर नसलेल्याच्या जोडीत असे फार क्वचित घडते. तिथला किनारा वाळूचा नाही, काळ्या गोट्यांचा आहे. पायात बूट नसतील तर पाण्यात शिरेपर्यंतच घोट्यांची परीक्षा होते, हेही सांगून ठेवते.

मास्क लावून पृष्ठभागावर तरंगण्याला, म्हणजे स्नॉर्केलिंगला, डायव्हर मंडळी मनातल्या मनात बालवाडी समजतात. हा समज चुकीचा आहे. पाणी प्रकाशातला लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते. पाच मीटरच्या खाली लाल फिका पडू लागतो, आणखी खाली नारिंगी आणि पिवळा, आणि वीस मीटरवर दिवा लावल्याशिवाय सगळे निळे-करडे दिसते. रंगांनी सर्वांत भरलेले प्रवाळ उन्हात, वरच्या काही मीटरांतच पाहायला मिळते. त्याहून मोठी गोष्ट अशी की जगातल्या काही अप्रतिम जागी सिलिंडर नेण्यालाच बंदी आहे. मालदीवच्या बा प्रवाळद्वीपातल्या हनिफारू उपसागरात मांटा रे, म्हणजे पंखांसारखे पसरट महाकाय मासे, झुंडीने येतात, तिथे फक्त स्नॉर्केलिंग करता येते. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या निंगालू येथे मार्च ते जुलैच्या सुमारास देवमाशाएवढ्या व्हेल शार्कच्या शेजारी पोहता येते, तेही पृष्ठभागावरूनच. प्रशांत महासागरातल्या पालाऊमधल्या जेलीफिश सरोवरातही सिलिंडर चालत नाही. ग्रँड केमन बेटाजवळ तर कमरेएवढ्या पाण्यातल्या वाळूच्या पट्टीवर उभे राहून स्टिंग रे नावाचे चपटे मासे पायांभोवती फिरताना पाहता येतात. तिथे पोहणेसुद्धा यावे लागत नाही. अशा जागी तुमचे प्रमाणपत्र आणि सहा वर्षांचा अनुभव यांचा काही उपयोग नसतो, दोघेही सारखेच नवखे असता. दहा दिवसांत अशी एक सकाळ तरी असावी, असे मी आग्रहाने सुचवते.

मात्र तुमच्या पतींना पोहणे जेमतेम येते, म्हणून याबाबतीत घाई करू नका. निंगालू आणि हनिफारू येथे उघड्या पाण्यात, बोटीवरून उतरून पोहायचे असते. ते त्यांच्यासाठी पहिले पाऊल नव्हे. सुरुवात शांत, छातीएवढ्या पाण्यात करावी, अंगात तरंगण्याचे जाकीट असावे आणि तुम्ही त्यांच्या हाताच्या अंतरावर असावे. खाली डुबकी मारून "इकडे या, इकडे पाहा" असे खुणावत हिंडू नये. स्नॉर्केलिंगमध्ये धाप लागली तर थांबून लगेच उभे राहायचे किंवा किनाऱ्याकडे वळायचे, आणि कितीही शांत पाणी असले तरी एकट्याने उतरायचे नाही, हे दोन नियम त्यांना आधी सांगा. मास्क भाड्याचा घेऊ नका, त्यांच्या चेहऱ्याला बसणारा विकत घ्या. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने हलकेच श्वास आत ओढायचा आणि हात सोडून द्यायचे. मास्क चेहऱ्याला चिकटून राहिला तर तो बसतो, सरकला तर दुसरा पाहायचा. त्यांना मिशी असेल तर नाकाखालची एक बारीक पट्टी साफ करावी लागेल, नाहीतर तिथून थेंब थेंब पाणी आत येत राहते. दर दोन मिनिटांनी नाकात पाणी जाणाऱ्या माणसाला कोणतेही प्रवाळ सुंदर दिसत नाही. मिशीविषयीच्या वाटाघाटी मात्र तुम्हीच कराव्यात, त्यात मी पडत नाही.

इथे एक मोह टाळायला सांगते, कारण तो मी स्वतः अनुभवला आहे. "तेही माझ्याबरोबर बोटीवर येतील, मी खाली जाईन, ते वर ऊन खातील" अशी कल्पना प्रत्येक डायव्हरच्या मनात येते. मी डायव्हिंग शिकण्यापूर्वीची तीन वर्षे किनाऱ्यावर बसणारी जोडीदार होते आणि एकदा अशी बोटीवर गेले होते. सगळे पाण्यात उतरले आणि बोटीवर मी, नावाडी आणि इंजिनाचा धूर एवढेच उरलो. नांगरलेली बोट धावत्या बोटीपेक्षा जास्त डोलते, हे मला त्या दिवशी कळले. मला बोट लागली. नावाड्याने माझ्या हातात बादली दिली आणि क्षितिजाकडे पाहायला सांगितले, मी पन्नास मिनिटे क्षितिजाकडे पाहिले, आणि वर आलेल्या पहिल्या माणसाने मास्क काढून "कासव! कासव!" असे ओरडत माझ्याकडे पाहिले तेव्हा मला त्या कासवाचाही राग आला. बोट ज्या जागी थांबते तिथे खाली वीस मीटर खोल पाणी असेल, तर पृष्ठभागावर तरंगणाऱ्याला नुसता निळा रंग दिसतो. म्हणून त्यांना बोटीवर न्यायचेच असेल तर आधी डाइव्ह-केंद्राला विचारून घ्या की बोट थांबते तिथे प्रवाळ किती उथळ आहे, पाण्यात वरच्या लोकांबरोबर राहणारा वेगळा माणूस असेल का, आणि बोटीवर सावली व स्वच्छतागृह आहे का. तिन्ही उत्तरे मनासारखी मिळाली तर जरूर न्या, आणि बोट लागू नये म्हणूनची गोळी निघण्याच्या तासभर आधी द्या; बोट लागल्यानंतर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही.

दहा दिवसांचे वेळापत्रक मी असे मांडीन. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी डाइव्ह करू नका. तो दिवस दोघांनी मिळून गाव पाहण्यात घालवा, म्हणजे तुम्ही पाण्यात असताना त्यांना कुठे जायचे हे त्यांचे त्यांना कळते. मधल्या सात दिवसांत चार सकाळी तुमच्या डाइव्ह, आणि त्याही सलग चार नकोत. दोन दिवस डाइव्ह, एक दिवस पूर्ण त्यांचा, असा क्रम ठेवा. चार सकाळींत आठ डाइव्ह होतात. गेल्या वर्षीच्या मानाने त्या कमी वाटतील, पण विश्रांती घेऊन केलेल्या आठ डाइव्ह पेंगत केलेल्या पंधरांपेक्षा नीट आठवतात. दुपारची तिसरी डाइव्ह यंदा सोडून द्या, कारण दिवसातली सर्वांत महाग डाइव्ह तीच असते. तिच्यापायी संध्याकाळ जाते. रात्रीची डाइव्ह हवी असेल तर एकच घ्या, आणि त्या दिवशी सकाळी बोटीवर जाऊ नका.

शेवटच्या दिवसाविषयी तुम्हाला नियम माहीत आहे, पण त्यांच्या दृष्टीने तो पुन्हा वाचा. दाबाखाली अंगात विरघळलेला नायट्रोजन वायू दाब कमी झाल्यावर बुडबुडे होऊन अपाय करू नये म्हणून, अनेक दिवस सलग डाइव्ह केल्यानंतर विमानात बसण्यापूर्वी किमान अठरा तास जाऊ द्यावेत असे सांगितले जाते आणि बहुतेक जण सरळ चोवीस तास धरतात. म्हणजे निघण्याच्या आदला दिवस तसाही कोरडा जाणार असतो. असा दिवस तुम्हाला वाया गेलेला वाटत असेल. यंदा तो त्यांच्या हवाली करा. फक्त एका गोष्टीचे भान ठेवा. शरीराला विमान आणि डोंगर यांतला फरक कळत नाही, त्याला फक्त कमी झालेला दाब कळतो. बालीमध्ये पहाटे बातूर डोंगरावर चढून सूर्योदय पाहायची सहल लोकप्रिय आहे. तो डोंगर १,७१७ मीटर उंच आहे. हवाईतल्या माउई बेटावर हालेआकाला ज्वालामुखीच्या माथ्यापर्यंत गाडी जाते आणि तो माथा ३,०५५ मीटरवर आहे. दहाबहून सिनाई पर्वतावर नेतात, त्याची उंची २,२८५ मीटर. आदल्या दिवशी डाइव्ह करून यांपैकी कुठेही जाणे धोक्याचे आहे, आणि हेलिकॉप्टरमधून बेट पाहण्याचेही तसेच. तुमच्या पतींना डोंगर आवडत असेल तर तो सहलीच्या सुरुवातीला, पहिल्या डाइव्हच्या आधी घ्या. शेवटच्या दिवसासाठी सपाटीवरचे काहीही चालेल.

हंगाम निवडतानाही दोघांची गरज वेगळी असते. डायव्हरला पाऊस चालतो, कारण तो खाली ओलाच असतो. हनिफारूचा मांटांचा भर नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात असतो, म्हणजे नेमका पावसाचा आणि वाऱ्याचा काळ. वर बसणाऱ्याला त्या दिवसांत खिडकीतून करडे आकाश पाहावे लागते. कॅरिबियनमध्ये १ जून ते ३० नोव्हेंबर हा वादळांचा हंगाम मानला जातो. बोनेर त्या वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला असल्यामुळे तिथे धोका कमी, पण वारा भरपूर. असा पेच पडला तर कोरड्या हवेच्या बाजूने कौल द्या, मासे थोडे कमी दिसले तरी चालतील. उन्हापासून संरक्षणासाठी लावायचे मलम प्रवाळाला अपाय न करणारे घ्या. पालाऊने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून काही रसायने असलेल्या मलमांवर बंदी आणली आहे. दोघांनीही लांब बाह्यांचे पोहण्याचे कपडे घातले तर मलम फारसे लागतही नाही.

तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य मी शेवटी ठेवले आहे. बोट परत येईपर्यंत त्यांचा जीव भांड्यात पडत नाही, हे त्यांनी जाता जाता सांगितले, पण त्या आठ दिवसांतल्या सहा सकाळी ते खुर्चीत बसून काय करत होते याचे उत्तर त्यात आहे. तुम्हाला खाली काय चालले आहे हे ठाऊक असते, त्यांना नसते. तुमची बोट वीस मिनिटे उशिरा आली तर तुमच्या मते डॉल्फिन दिसले म्हणून थांबलो होतो. त्यांच्या मनात मात्र त्या वीस मिनिटांत काय काय होऊन गेलेले असते. यावर उपाय अगदी साधे आहेत. डाइव्ह-केंद्राचा फोन क्रमांक त्यांच्याकडे असावा. परतीची वेळ सांगताना अर्धा तास पुढची सांगा, म्हणजे तुम्ही नेहमी लवकर याल. पहिल्या दिवशी त्यांना केंद्रावर घेऊन जा, गाइडशी ओळख करून द्या, बोटीवरचा प्राणवायू आणि प्रथमोपचाराची पेटी त्यांच्या डोळ्यांना दिसू द्या. तुमचा विमा डायव्हिंगला लागू आहे ना हे तपासा, कारण प्रवासाच्या साध्या विम्यातून ते अनेकदा वगळलेले असते किंवा खोलीची मर्यादा असते; ते कागदपत्र आणि जवळचे दाबकक्ष (डायव्हिंगमुळे होणाऱ्या त्रासावर हवेचा दाब वाढवून उपचार करण्याची बंद खोली) असलेले रुग्णालय कोणते, हे दोन्ही त्यांच्या हाती ठेवा. डाइव्हनंतर कित्येक तासांनी सांधे दुखणे, बधिरपणा, चक्कर किंवा विलक्षण थकवा आल्यास ते नुसते दमणे समजू नये, ताबडतोब वैद्यकीय मदत मागावी, हेही त्यांना सांगून ठेवा. हे ऐकून ते अधिक घाबरतील अशी भीती तुम्हाला वाटेल. माझा अनुभव उलटा आहे. जी काळजी करायची ती नेमकी कशाची, हे कळले की माणूस उरलेला वेळ पुस्तक वाचू शकतो.

एक किरकोळ वाटणारी गोष्ट आमच्या घरी फार उपयोगी पडली. डाइव्हवरून परतल्यावर पहिला प्रश्न मी विचारायचा, तुमची सकाळ कशी गेली, आणि उत्तर पुरते ऐकायचे. माझे मासे त्यानंतर. छायाचित्रे दिवसाला तीन, चौथे दाखवायचे झाल्यास समोरच्याने मागितले पाहिजे. सुरुवातीला हे मला जाचक वाटले होते, कारण पाण्यातून वर आलेल्या माणसाच्या तोंडून शब्द नुसते फुटत असतात.

तुम्ही विचारले नाही, तरी एक शक्यता नोंदवते. मोठ्या शार्कसाठी, दूरच्या बुडालेल्या जहाजांसाठी, आठवडाभर बोटीवर राहून करायच्या डाइव्हसाठी वर्षा-दोन वर्षांतून एकदा तुम्ही डायव्हर मैत्रिणींबरोबर वेगळे जाऊ शकता. तसे ठरले असेल तर या दहा दिवसांवर तुमच्या सगळ्या हौशींचा भार पडणार नाही. पण ही गोष्ट त्यांच्या "तू जाऊन ये" या वाक्याला उत्तर म्हणून लगेच पुढे करू नका; त्यांना आत्ता तरी आपल्याला खरोखर घरी ठेवले, असेच वाटेल. आधी ही सहल होऊ द्या.

आज संध्याकाळी नकाशा आणि डायव्हिंगची पाने बंद ठेवून त्यांना एवढेच विचारा, की सुट्टीतल्या एखाद्या दिवशी सकाळी उठल्यावर त्यांना काय करावेसे वाटेल. ते बहुधा म्हणतील, "काही नाही, बसून राहीन." त्यावर थांबू नका, कुठे बसाल, काय दिसायला हवे, आसपास माणसे हवीत की नकोत, दुपारी मी बरोबर असले तर कुठे जायचे, असे विचारत राहा. त्यांची उत्तरे लिहून घ्या आणि त्या कागदाला जुळणारी दोन-तीन ठिकाणे शोधा. डाइव्ह-केंद्राला पत्र त्यानंतर पाठवा.